आईच्या एमआरआयमध्ये ‘मेंदूचं आकुंचन’ आलंय. म्हणजे नक्की काय समजायचं?

रानजाई | ११ जून, रात्री १०:४२

आई ७४ वर्षांची, साताऱ्यात दादा-वहिनीकडे असते. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बाबा गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेले. दिवाळीपासून ती एकच गोष्ट तीनतीनदा विचारते. गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसते. मे महिन्यात भिशीचे पैसे दोनदा देऊन आली, तेव्हा दादा घाबरला आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन एमआरआय करून आला.

रिपोर्टमध्ये लिहिलंय : मेंदूचं वयानुरूप आकुंचन, एमटीए स्कोअर दोन्ही बाजूंना १, फाझेकास ग्रेड १. शेवटी ‘क्लिनिकली को-रिलेट करावे’. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला अजून अठरा दिवस आहेत.

दादा म्हणतो, पुण्याला आणून पेट स्कॅन करू, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. वहिनी म्हणते, काही झालेलं नाही, आई एकट्या पडल्यात. मी रात्री दोन वाजेपर्यंत गूगल करते आणि सकाळी ऑफिसात मलाच काही आठवत नाही. स्कॅनवरून विसरभोळेपणा आहे की आजार, हे खरंच कळतं का? कुणी यातून गेलं असेल तर लिहा. ‘आकुंचन’ हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

बोरकूट | ११ जून, रात्री ११:०५

वाचतेय. सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये शब्दशः हेच होतं.

काळीपांढरी | ११ जून, रात्री ११:५०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नाशिकला. फिल्म न बघता तुमच्या आईंबद्दल मत देणार नाही, पण रिपोर्टची भाषा सोडवून सांगते.

सत्तरीनंतर प्रत्येकाचा मेंदू थोडा आकसतो. केस पांढरे झाल्याचा कुणी रिपोर्ट लिहीत नाही, आम्ही मात्र आकुंचनाचा लिहितो. ‘वयानुरूप’ हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला असतो, पण घरचे तो सोडून पुढचाच वाचतात.

एमटीए म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो त्याची झीज. तिथे हिप्पोकॅम्पस असतो. नवीन आठवणी पक्क्या करण्याचं काम त्याचं. आकार समुद्री घोड्यासारखा म्हणून ते ग्रीक नाव. समोरून घेतलेल्या कापात तो किती बारीक झालाय आणि शेजारची पोकळी किती रुंदावलीय, ते नजरेने पाहून ० ते ४ असे गुण देतात. १९९२ सालची पद्धत आहे. ७५ च्या आत २ किंवा जास्त आला तर आम्ही भुवया उंचावतो. ७५ च्या पुढे २ सुद्धा चालवून घेतो. फाझेकास हा पांढऱ्या द्रव्यातल्या डागांचा हिशोब, ० ते ३. बीपी-शुगरवाल्यांमध्ये डाग जास्त. ग्रेड १ म्हणजे तुरळक ठिपके. या वयात ते नसले तरच मी दोनदा बघते.

आता मुख्य मुद्दा. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत एमआरआयचं पहिलं काम ‘अल्झायमर शोधणं’ हे नाही. विसरण्यामागे काही वेगळंच, बरं होण्यासारखं कारण तर नाही ना, हे बघणं पहिलं. गाठ, रक्त साकळणं, पाणी साठणं, न कळत येऊन गेलेले छोटे स्ट्रोक. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही नाही. ही चांगली बातमी तुम्ही कुणीच वाचलेली दिसत नाही.

आणि ‘क्लिनिकली को-रिलेट करावे’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, ही आमची पळवाट आहे असा समज आहे. या बाबतीत ती रिपोर्टमधली सगळ्यात खरी ओळ आहे.

हुप्प्या | १२ जून, सकाळी ७:१४

आमच्या सौ.च्या मते माझा रिपोर्ट मशीनमध्ये न घालताच तयार आहे. फक्त ‘वयानुरूप’ हा शब्द काढायचा.

तांबडा_रस्सा | १२ जून, सकाळी ९:३१

काळीपांढरीताई, रक्त साकळणं म्हणालात त्यावरनं सांगतो. आमचं आबा, वय ७९. हृदयासाठी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. दोन वर्षांमागं श्रावणात बोलणं कमी झालं, दिवसा झोपायला लागले, धोतर नेसताना घोळ. गोठ्यातनं घराकडं यायची वाट चुकले एकदा. सगळ्यांनी ठरवून टाकलं, म्हातारचळ लागला. काकी तर म्हणाली, साठी बुद्धी नाठी, आता काय करायचं. आमीबी गप बसलो, खोटं कशाला बोलू.

पुतण्या फार्मसीला आहे. त्यानं विचारलं, पडलेत का कुठं? तवा आईला आठवलं, दीड महिन्यामागं न्हाणीत पाय घसरला होता. डोक्याला बारीक टेंगूळ, रक्त-बिक्त काय नाही. सीटी काढला. कवटी आणि मेंदूच्या मधी जुनं रक्त साठून मेंदू एका बाजूला दाबला होता. भोकं पाडून ते काढलं. सहाव्या दिवशी आबा नर्सबाईला विचारत होते, म्हशीला कोण बघतंय.

आता रश्श्यात मीठ कमी पडलं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय. ऐकून घेतो. एमआरआयबी नव्हता तो, साधा सीटी. दोन-अडीच हजारांत आमचा बाप परत मिळाला.

रानजाई | १२ जून, सकाळी १०:०२

@तांबडा_रस्सा, अंगावर काटा आला. आई पडल्याचं कुणी बोललेलं नाही, तरी वहिनीला विचारते.
@काळीपांढरी, खूप आभार. ‘काही नाही’ ही बातमी खरंच वाचली नव्हती.

गोदूताई | १२ जून, सकाळी ११:२०

तांबडा_रस्सा यांचं वाचून लिहिते. चालणं अडखळतं झालं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि त्यासोबत विसरणं, असं तिन्ही असेल तर डॉक्टरांना ते तिन्ही एकत्र सांगा. माझ्या आत्याचं एक कारण हाडांच्या डॉक्टरांकडे, दुसरं लघवीच्या डॉक्टरांकडे आणि तिसरं कुणाकडेच नाही, असं वर्षभर चाललं होतं. मेंदूतलं पाणी वाढलं होतं. नळी टाकल्यावर चालणं बरंच सुधारलं, विसरणं थोडंच.

विदर्भकन्या | १२ जून, दुपारी १२:१०

मला एक सांगा, पेट स्कॅन म्हणजे पोटाचा नाही का? आमच्या नागपुरात पेट म्हणजे पोटच. मामंजींना सांगितलं पेट स्कॅन आहे, तर ते उपाशी राहून एरंडेल घ्यायला निघाले होते.

हुप्प्या | १२ जून, दुपारी १२:१४

मी तर मांजर घेऊन जायचं समजत होतो.

सायक्लोट्रॉन | १२ जून, दुपारी ३:४५

विदर्भकन्या, मामंजी अर्धे बरोबर होते. उपाशी राहावं लागतंच, चार-सहा तास. :)

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे. पेटमध्ये मेंदूचा आकार बघत नाहीत, कामकाज बघतात. नेहमीचा प्रकार एफडीजी. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग काम करतो तो ती साखर खातो आणि चित्रात उजळ दिसतो. इंजेक्शननंतर पेशंटला अंधाऱ्या शांत खोलीत पडून राहायला सांगतो. बोलायचं नाही, मोबाईल नाही, पोथीसुद्धा नाही, कारण वाचलं तर वाचायचा भाग साखर खाणार. आज्या नेमक्या तेव्हाच मला ‘तुझं लग्न झालं का’ विचारतात.

अल्झायमरमध्ये कानशिलामागचा-वरचा आणि मधला मागचा भाग मंद पडतो. आधी स्वभाव बदलतो, माणूस अचानक पैसे उधळतो किंवा चारचौघांत भलतंच बोलतो, त्या प्रकारात कपाळामागचा भाग मंद दिसतो. डॉक्टरांना या दोन्हींत निवड करायची असते तेव्हा एफडीजी खरा उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार अमायलॉइड पेट, म्हणजे मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गोळ्यांचा. अलॉइस अल्झायमरने एका बाईंच्या मेंदूत १९०६ साली, त्या गेल्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली जे गोळे पाहिले, ते जिवंत माणसात दिसायला २००२ साल उजाडलं. पिट्सबर्गमध्ये रसायन तयार झालं आणि स्वीडनच्या उप्साला गावात पहिल्या पेशंटला दिलं गेलं. त्यात कार्बन-११ होता, दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे ते तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारच्या खोलीतच हवं. आता फ्लोरिन-१८ वापरतात, तो ११० मिनिटांनी निम्मा होतो, गाडीने नेता येतो. तरी वाहतुकीत अडकला की आमच्या पोटात गोळा. (विदर्भकन्या, हे पोट खरं.)

आपल्याकडे एफडीजी मोठ्या शहरांत सहज होतो. अमायलॉइड मोजक्या ठिकाणी.

पानगळ | १२ जून, सायंकाळी ६:२२

उत्तम प्रतिसाद. पण गोळे दिसले म्हणजे आजार आहेच, असं नाही ना? अमेरिकेतल्या ननांच्या अभ्यासाबद्दल वाचलं होतं. ६७८ जोगिणी, सगळ्यांचं राहणं-खाणं सारखं. मृत्यूनंतर मेंदू तपासायला द्यायचं आधीच कबूल केलेलं. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये चांगले गुण. मेंदू उघडला तर त्यात अल्झायमरचे गोळे आणि गुंते भरपूर. म्हणजे मेंदूला माहीत होतं, बाईंना कुणी कळवलं नव्हतं!

२०१५ च्या एका मोठ्या संकलनात असं आलंय की स्मरणशक्ती पूर्ण ठीक असलेल्यांपैकी पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असतं. मग रानजाईंच्या दादाचा ‘सोक्षमोक्ष’ कसा लागणार?

सायक्लोट्रॉन | १२ जून, सायंकाळी ७:०१

बरोबर. आहे म्हटलं तर अर्धंच उत्तर. नाही म्हटलं तर मात्र उत्तर बरंच पक्कं, विसरण्याचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता फार कमी होते. लोक याच्या उलट समजून येतात.

कडुलिंब | १२ जून, रात्री ८:४०

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा सगळा धंदा आहे. आमच्या कॉलनीत गेल्या महिन्यात बोर्ड लागला, ‘ज्येष्ठांसाठी ब्रेन चेकअप पॅकेज’. कुणाला काही तक्रार नसताना म्हातारी माणसं रांगेत. शेजारचे काका धडधाकट, रोज सहा किलोमीटर चालतात, स्वतःचा आयकर स्वतः भरतात. त्यांना ‘आकुंचन’ लिहून दिलं. आता ते चष्मा सापडला नाही तरी घाम पुसतात. बरं, कळलं तरी औषध काय? माझे वडील आठ वर्षं या आजारात होते. एकाही स्कॅनने त्यांच्या एका दिवसात फरक पडला नाही. फरक पडला तो रात्रपाळीच्या मावशींनी.

काळीपांढरी | १२ जून, रात्री ९:१५

पॅकेजबद्दल शंभर टक्के सहमत. तक्रार नसताना डोक्याचा एमआरआय काढू नये. हे मी रेडिओलॉजिस्ट असून म्हणतेय, आमचे मालक हे संकेतस्थळ वाचत नाहीत म्हणून बरं. पण तांबडा_रस्सा यांच्या आबांचं काय? सीटी न काढता त्यांनाही मावशीच मिळाल्या असत्या.

कडुलिंब | १२ जून, रात्री ९:३३

मान्य. ते वाचून मीही गप्प झालो होतो खरं तर. वडिलांचा स्कॅन दुसऱ्या वर्षी झाला. पहिल्या वर्षी आम्हीही ‘वय झालं’ म्हणत होतो.

परसदार | १३ जून, सकाळी ६:५०

न्यू जर्सीहून. ‘औषध काय’ यावर थोडं. यजमान ७१. सुरुवातीची अवस्था, अमायलॉइड पेट पॉझिटिव्ह. लेकानेमॅब हे अमायलॉइड काढणारं औषध चालू केलं, दर दोन आठवड्यांनी शिरेतून. त्याला इथे जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चमत्कार नाही. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, एवढंच. गेलेलं परत येत नाही.

सांगायचं कारण, या औषधात एमआरआयला वेगळंच काम आहे. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून तेव्हाच्या नियमाने सुरू करण्याआधी आणि मग पाचव्या, सातव्या, चौदाव्या डोसाआधी स्कॅन होते; ऑगस्ट २०२५ पासून तिसऱ्या आधीही सांगतात. ह्यांच्या सातव्या आधीच्या स्कॅनमध्ये सूज दिसली. त्यांना काहीही जाणवत नव्हतं, नुकतंच हिरवळ कापून आले होते. दोन महिने थांबलो, पुन्हा सुरू केलं. योग्य केलं का? रोज वेगळं उत्तर येतं. कडुलिंब, तुमच्यावर अजिबात राग नाही. मावशी इथे मिळत नाहीत, तेही लिहून ठेवते.

बेळगावी_कुंदा | १३ जून, सकाळी ९:४८

पानगळ यांच्या जोगिणींवरून आठवलं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या ६४८ पेशंटांचा अभ्यास केला होता, २०१३ साली छापून आला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. शाळा न शिकलेल्यांमध्येही. आम्ही बेळगावकर घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी कोकणी, भांडताना हिंदी. म्हणजे किती वर्षं बोनस?

हुप्प्या | १३ जून, सकाळी ९:५५

भांडण धरून अठरा.

पानगळ | १३ जून, सकाळी १०:३०

अभ्यास चांगला आहे, पण भाषा शिकल्याने आजार टळतो असं तो म्हणत नाही. मेंदूत बिघाड तेवढाच असला तरी माणूस जास्त काळ तगून राहतो, अशी ती कल्पना. म्हणूनच एकाच प्रकारच्या दोन स्कॅनची माणसं अगदी वेगळी असू शकतात.

शेवंता_नव्हे_शेवंती | १३ जून, दुपारी १:१९

मशीनपेक्षा स्मरणशक्ती तपासायच्या त्या प्रश्नपत्रिकेचं बोला! माझी आजी कधी शाळेत गेली नाही. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, आज तारीख काय? आजी म्हणाली, संकष्टी, चंद्रोदय नऊ चोवीसला. मुलीने शून्य दिलं. मी कॅलेंडर काढून दाखवलं, चंद्रोदय बरोबर होता. तारीख तिला पंचवीस वर्षांपूर्वी विचारली असती तरी आली नसती.

गोदूताई | १३ जून, दुपारी २:०२

हेच हरियाणात बल्लभगडच्या अभ्यासात लक्षात आलं होतं. तिथे न शिकलेल्या लोकांसाठी नेहमीची ३० गुणांची चाचणी बदलून हिंदीत वेगळी केली. इंग्रजी शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. मराठीतही चाचण्या आहेत, मागून घ्या. आणि उलट बाजूही बघा. शिकलेली बाई, जशी रानजाईंची आई, अशा चाचणीत सहज २८ काढते आणि घरी गॅस चालू ठेवते.

बोरकूट | १३ जून, दुपारी ४:४०

एमआरआयला नेताना उपयोगी पडेल म्हणून. सासूबाई मंगळसूत्र काढायला तयारच होईनात. बाहेरच्या बाकावर अर्धा तास गेला. शेवटी मावशींनी (तिथल्या सफाईच्या) पुडीतून हळकुंड काढून दोऱ्यात ओवून गळ्यात बांधलं. म्हणाल्या, रोजचंच आहे, पुड्या करून ठेवते. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, कानातलं यंत्र काढून घ्या, पण आत जाईपर्यंत असू द्या, नाहीतर सूचना ऐकू येत नाहीत. आवाज गिरणीत झोपल्यासारखा. कानात बोळे देतात. हललं की चित्र पुसट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

रानजाई | २ जुलै, रात्री ९:१८

उशीर झाला, क्षमस्व. परवा न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो.

डॉक्टरांनी फिल्म जेमतेम पाच मिनिटं बघितली आणि वहिनीशी चाळीस मिनिटं बोलले. दादाशी नाही, माझ्याशी नाही. आईला बाहेर बसवून वहिनीला विचारलं, आधी काय सुटलं, कधी, हळूहळू की एकदम? हिशोब कोण बघतं? नवीन सून आली तिचं नाव लक्षात राहिलं का? मला आईच्या निम्म्या गोष्टी तिथे कळल्या. आई दोन वर्षांपासून पाकीटभर सुट्टे पैसे घेऊन फिरते, कारण दुकानात हिशोब करावा लागू नये म्हणून मोठी नोट देते आणि येईल ते परत घेते. वहिनीला हे माहीत होतं. आणि तीच ‘काही झालेलं नाही’ म्हणत होती. घरी येताना गाडीत ती रडली. म्हणाली, मी बोलले असते तर खरं झालं असतं.

रक्तात बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. कानही तपासायला सांगितलेत, एका कानाने बरंच कमी ऐकू येतं. बाबांनंतरचं नैराश्य असू शकतं, हेही म्हणाले. यातलं किती कशामुळे, ते आत्ता सांगता येत नाही. पेट आत्ता नको. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, वर्षाने पुन्हा एमआरआय, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघू, असं म्हणाले. दादा नाराज आहे. त्याला नाव हवं होतं.

काळीपांढरी | २ जुलै, रात्री १०:०६

योग्य हातात आहात. एका फिल्मपेक्षा दोन फिल्ममधलं अंतर जास्त बोलतं. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांनी घटतो, त्याच वयाच्या निरोगी माणसात दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून एक विनंती : नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडी जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशीनवर. लोक कागद लॅमिनेट करतात आणि सीडी हरवतात.

तांबडा_रस्सा | ३ जुलै, सकाळी ८:१२

वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

रानजाई | ३ जुलै, रात्री ८:५५

सांगितला. 

सीडीचं वाचून दादाला फोन केला. त्याने आईकडे ठेवायला दिली होती. कपाट, देवघर, बाबांची बॅग, सगळं शोधलं. आईला विचारलं तर म्हणाली, मला कुणी दिलीच नाही. आज सापडली, तांदळाच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून.

दादा म्हणाला, बघ. वहिनी म्हणाली, त्या चाळीस वर्षं घरातले पैसे तिथेच ठेवत आल्यात, महत्त्वाचं म्हणूनच ठेवली असेल. मी काय समजायचं ते मला कळत नाहीये. सीडी पुसून घेतली, चालते.